पत्रावळीतले कोस

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की जिच्या काठी ती घडली त्या नदीने त्यानंतर कितीदा तरी आपली वाट बदलली. आता तिथे गेलात तर नुसती वाळू सापडेल. गोष्ट लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. मात्र जेवताना ऐकू नये, कारण ती जेवणाचीच आहे.

त्या नदीकाठी एक नगर होते आणि त्या नगरात दुपारची चूल कुणाच्याच घरी पेटत नसे. मागे कधी तरी मोठा दुष्काळ पडला होता, तेव्हाच्या राजाने राजवाड्यासमोरच्या चौकात सगळ्यांची मिळून एक पंगत बसवली होती. दुष्काळ सरला, धान्याच्या कणग्या पुन्हा भरल्या, तरी पंगत काही मोडली नाही. लोकांना तिची सवय झाली होती आणि राजघराण्याला तिचा अभिमान वाटू लागला होता. सावकार, सुतार, पुजारी, पैलवान, लेकुरवाळ्या बाया, सगळे येतील तसे रांगेत बसत. राजा पहिल्या पानावर बसे. वाढपी वाढत जात आणि सगळे जेवत.

पंगतीचा नेम एकच होता. नजर आपल्या पत्रावळीवर ठेवायची. शेजाऱ्याने किती घेतले, काय टाकले, पुन्हा मागितले का, हे पाहायचे नाही. हा नेम दुष्काळात जेवलेल्या माणसांनी केला होता. भुकेल्या माणसाला आपल्याकडे कुणी पाहिलेले सोसत नाही, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

आपल्या गोष्टीतला राजा मनाने चांगला होता. जेवायला त्याहूनही चांगला होता. वाढप्याने एकदा विचारले की तो नको म्हणे, दुसऱ्यांदा विचारले की मान हलवे आणि तिसऱ्यांदा विचारायची वाट पाहत बसे. पण अलीकडे देवीच्या टेकडीच्या पायऱ्या चढताना त्याला धाप लागू लागली होती. निम्म्या वाटेत तो खाली बसे आणि निसर्ग पाहत असल्यासारखे दाखवी.

एके दिवशी राजवैद्याने नाडी पाहिली आणि तो म्हणाला, "महाराज, आपले खाणे आणि आपले चालणे यांचे जमेनासे झाले आहे. खाणे फार पुढे निघून गेले."

"किती पुढे?" राजाने विचारले.

"ते मला सांगता येत नाही. पण रानात एक मैना आहे, तिला येते."

ही मैना एका साधूने वाढवली होती. साधू आयुष्यभर चालत राहिला. भिक्षेत जे मिळे ते खाऊन तो निघे, आणि पाय थकले की म्हणे, "आजच्या भाकरीने एवढे कोस आणले बरं का, मैने." त्याच्या खांद्यावर बसून बसून मैनेला कळू लागले, की कुठल्या घासात किती चालणे आहे. साधू गेला, मैना राहिली. तिची विद्याही तिच्याबरोबर राहिली.

राजाने तिला मोठ्या मानाने आणवले. त्या दुपारी त्याचे पान महालातच मांडले आणि मैनेला चौरंगावर बसवले. मैनेने मान तिरकी करून पान पाहिले.

"पुरणपोळीत चार कोस," ती म्हणाली. "दुसऱ्या पुरणपोळीत आणखी चार. वरच्या तुपात तीन. लाडवात दोन, आणि तो मोठा आहे म्हणून वर अर्धा. महाराज, एवढ्या जेवणावर आपण राज्याच्या सीमेपर्यंत चालत जाल, तिथे पाणी पिऊन परत याल, आणि तरी थोडे उरेल."

राजा त्या दिवशी पलंगापासून सिंहासनापर्यंत चालला होता. हातातला घास हातातच राहिला. मग त्याने तो खाल्ला, पण पुरण त्याला त्या दिवशी गोड लागले नाही.

दुसऱ्या दिवशी मैना हजर, तिसऱ्या दिवशीही हजर. पोळी दिसली की ती तोंड उघडी. राजा कानकोंडा होऊन जेवू लागला. मैनेला घालवून द्यावे असे त्याला फार वाटे, पण आणा म्हणून हुकूम त्यानेच केला होता आणि वैद्य दारात उभा असे. शेवटी त्याला एक युक्ती सुचली. मोठ्या माणसांना असल्या युक्त्या पटकन सुचतात.

दरबारात तो म्हणाला, "एवढे मोठे ज्ञान मी एकट्याने भोगावे, हे मला बरे वाटत नाही. ते माझ्या प्रजेला मिळाले पाहिजे. उद्यापासून मैना पंगतीत बसेल. प्रत्येकाच्या पत्रावळीत किती कोस आहेत ते ती सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगेल."

दरबाराने जयजयकार केला. स्वतःला नकोशी झालेली वस्तू दान करताना माणूस किती उदार दिसतो, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. त्याच दिवसापासून राज्याचा कारभारही एकाएकी इतका वाढला, की राजाला पंगतीला यायला सवड मिळेना. तो महालात, दार लावून, निवांत जेवू लागला.

इकडे पंगतीत पहिल्या दिवशी मोठी गंमत झाली. मैना चौकातल्या खांबावर बसली आणि एकेकाचे सांगू लागली. "सुतार, सात कोस. पुजारी, अकरा कोस." पुजाऱ्याने घाईघाईने पोटावर उपरणे ओढले आणि सगळी रांग खदखदून हसली.

थोडा उपयोगही झाला, तो सांगितला पाहिजे. एक लाकूडतोड्या रोज संध्याकाळी मोळी घेऊन परतताना वाटेत चक्कर येऊन बसत असे. आपल्याला कुणी तरी बाधा केली, असे तो समजत होता. मैनेने त्याचे पान मोजले तेव्हा त्याला कळले, की आपण जितके चालतो तितके आपण जेवतच नाही. त्याने वाढप्याला हाक मारून आणखी दोन भाकऱ्या घेतल्या आणि त्याची बाधा त्या दिवसापासून गेली.

पण लाकूडतोड्यासारखे स्वतःचे ऐकणारे थोडे होते. बाकीच्यांचे कान शेजाऱ्याच्या पानाकडे लागले. स्वतःचे कोस सांगितले जात तेव्हा माणूस खोकत असे, पाणी मागत असे. शेजाऱ्याचे सांगितले जाऊ लागले की एकदम शांत होई. नजर आपल्या पत्रावळीवर ठेवायचा नेम होता तो तसाच राहिला, फक्त कुणी पाळीना. पैलवानांनी पैजा लावल्या आणि जास्त कोस कुणाचे म्हणून ते ढेकर देत देत जेवू लागले. सावकार पंगतीला येईनासाच झाला. तो घरी खोलीची कडी लावून लाडू खाई, पूर्वीपेक्षा दुप्पट, कारण आता मोजायला कुणी नव्हते.

या सगळ्या तमाशात सर्वांत रमली होती ती एक म्हातारी कुंभारीण. तिची जीभ तिखट होती, मन वाईट नव्हते. कुणाचे किती कोस झाले ते दुपारी ऐकायचे आणि संध्याकाळी पाणवठ्यावर सांगायचे, हा तिचा नवा उद्योग. तिच्या घरी नवी सून आली होती. वरच्या कोरड्या मुलखातली, अबोल, कामाला वाघ. आणि तिला दिवस गेले होते. सासूला सुनेचे फार कौतुक. पंगतीत स्वतःचे पान राहू दे, पण "माझ्या सुनेला वाढा" असे ती वाढप्याला आधी सांगे.

एका दुपारी सुनेला चांगली भूक लागली होती. तिने भाकरी घेतली, परत घेतली, गूळ मागून घेतला. खांबावरून मैना ओरडली, "कुंभाराची सून, चौदा कोस!"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. एवढे बाईमाणसाचे अजून कुणाचे झाले नव्हते. आणि कुंभारणीच्या तोंडून तिच्या सवयीने निघून गेलेच, "चौदा कोस! अगं बाई, निघालीस तरी कुठं एवढी?"

सगळी पंगत हसली. म्हातारीही हसली, प्रेमानेच हसली. सून खाली मान घालून तशीच बसून राहिली. तिचा हात पत्रावळीतच थांबला होता.

दुसऱ्या दिवसापासून ती अर्धी भाकरी पत्रावळीखाली सरकवू लागली. मग अर्धीच घेऊ लागली. मग चतकोर. मैना तिचे कोस सांगे, पण आकडा लहान असला की कुणी कान देत नसे. जिचा सारा जीव शेजाऱ्यांच्या पानात गुंतला होता, त्या सासूलाही आपल्या शेजारचे पान दिसले नाही.

आणि एके सकाळी चिखल तुडवताना सून कोसळली.

वैद्य आला. त्याने नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि म्हाताऱ्या कुंभारणीला बाहेर बोलावले. "हिच्या अंगात रक्त उरलेले नाही," तो म्हणाला. "ही अशीच राहिली तर मूल वाचणार नाही, आणि मुलामागून हीही जाईल. औषध मी देतो, पण औषध जेवणाच्या जागी चालत नाही. हिने खाल्ले पाहिजे."

कुंभारणीने लापशी केली. गूळ घातला, तूप घातले, वाटी सुनेच्या हातात दिली. सुनेने घास ओठापर्यंत नेला आणि परत खाली ठेवला.

"काय झालं गं पोरी?"

"आत्याबाई," सून हळूच म्हणाली, "यात किती कोस असतील?"

घरात मैना नव्हती, पंगत नव्हती, हसणारे कुणी नव्हते. तरी तो घास काही आत जाईना. तेव्हा म्हातारीला आपले हसणे आठवले. तिने वाटी झाकून ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि ती भर दुपारी राजवाड्याकडे निघाली. चौकात पंगत बसली होती. तिने कुणाकडे पाहिले नाही. पहारेकऱ्यांनी अडवले तर त्यांना ढकलून ती आत गेली आणि महालाचे दार तिने थेट उघडले.

राजा जेवत होता. समोर पुरणपोळ्यांची चळत होती.

"जेवा, महाराज, जेवा," कुंभारीण म्हणाली. "किती कोस झालं वं?"

राजाचा चेहरा पडला. "काय हवे आहे, बाई?"

"माझी सून मरायला टेकलीय. पोटात लेकरू हाये. तुमच्या मैनेनं तिचं जेवान चव्हाट्यावर मोजलं, तवापासून घास गिळंना ती." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. "हसले म्याच. सगळ्यात आधी म्याच हसले, ते पाप माझं. पन ऐकवलं कुनी? मैना आनली तुमी. सोसली न्हाई म्हून आमच्या उरावर बसवली तुमी. अन् सोता दार लावून बसलाय."

राजा चांगल्या मनाचा होता असे मी सांगितलेच आहे. पण चांगल्या मनाच्या माणसालाही चूक उघडी पडली की आधी राग येतो. तो गरजला, "आणा त्या पाखराला! मान मुरगाळा तिची!"

शिपायाने मैनेला धरून आणले. ती घाबरली नव्हती, दुखावली होती. "महाराज," ती म्हणाली, "माझा एक तरी कोस खोटा निघाला का?"

उत्तर कुंभारणीने दिले.

"न्हाई निघाला. सोडा तिला. तिला मारून माझी सून जेवायची न्हाई." मग ती मैनेकडे वळली. "खोटं न्हाई बोललीस तू. पन माझ्या सुनेनं तुला इचारलं व्हतं का?"

"नाही."

"बरं, हे मोजमाप तू शिकलीस कुनाकडून?"

"साधूकडून. तो जेवायचा आणि चालायचा."

"अन् त्या साधूच्या पोटात कंदी लेकरू व्हतं का गं?"

मैनेने मान तिरकी केली, मग सरळ केली. मग शिपायाच्या हातातून सुटून ती खिडकीबाहेर उडाली, ती थेट कुंभारवाड्याच्या दिशेने. म्हातारी तिच्यामागे धावली. राजाही हात धुवून उठला आणि पालखीची वाट न पाहता तसाच निघाला. कुंभारवाडा फार दूर नव्हता, पण पोचेपर्यंत त्याचा श्वास पुरता फुलला. तो ओट्यावरच बसला. दारातून त्याला आतले दिसत होते.

सून भिंतीला टेकून पडली होती. मैना तिच्या उशाशी एका मडक्याच्या काठावर उतरली. तिला पाहताच सुनेने डोळे मिटून घेतले.

"बाई," मैना हळू आवाजात म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ती नगरात प्रथमच बोलत होती. "मी कोस सांगायला आले नाही. मला एक शिकायचे आहे. तू दिवसभर काय करतेस?"

"काही न्हाई. पडून असते."

"मी जरा ऐकू का?"

सुनेने मान हलवली. मैना अलगद तिच्या पोटावर उतरली, तिने पंख मिटले आणि डोके टेकवून ऐकू लागली. आतून एक बारीकशी, दमलेली लाथ आली. मैना दचकली. तिने पुन्हा कान लावला. बऱ्याच वेळाने तिने डोके वर उचलले.

"तू पडून नाहीस," ती म्हणाली. "मी साधूबरोबर सगळे डोंगर चढले, पण इतका चढ कुठे पाहिला नाही. तू बसल्या जागी घाट चढते आहेस, बाई. झोपेतही चढते आहेस. मला फक्त पायांचे चालणे मोजता येत होते. तुझे पान मी बरोबर मोजले आणि तुला मात्र चुकीचे मोजले. माझी चूक झाली."

सुनेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ती सासूकडे पाहत राहिली आणि सासूला तिच्याकडे पाहवेना. म्हातारीने लापशीची वाटी पुढे केली.

सुनेने वाटी घेतली. मग तिने मैनेकडे पाहिले आणि स्वतःहून विचारले, "यात किती कोस?"

म्हातारीचा जीव गोळा झाला. ओट्यावर राजानेही श्वास धरला. मैनेने वाटीत पाहिले. खोटे बोलणे तिला येत नव्हते.

"दोन," ती म्हणाली.

"दोनच?" सून म्हणाली. "मग घाट कसा चढायचा? आत्याबाई, आनखी वाढा."

ती सावकाश जेवू लागली. म्हातारीला रडणे आवरेना. ती चुलीकडे तोंड करून, लापशी ढवळत, मोकळेपणाने रडली.

मूल झाले. दिवस भरायच्या आधीच झाले आणि मूठभरच होते. पुष्कळ दिवस त्याला कापसात ठेवावे लागले, आणि तेवढे दिवस राजवाड्यात कुणी गोडाधोडाचे केले नाही. मूल जगले. पण ते मोठे झाल्यावरही इतर मुलांपेक्षा बारीकच राहिले, आणि ते धावताना मागे पडले की म्हातारी कुंभारीण पदराने डोळे पुसत असे.

राजाने आपला हुकूम मागे घेतला. मैनेला मात्र त्याने रानात परत पाठवले नाही. चौकाच्या टोकाला एक कडुलिंब होता, त्यावर तिला बसायला सांगितले. ज्याला आपल्या पानातले जाणून घ्यायचे असेल त्याने लिंबाखाली जावे. मैना आधी त्याला विचारी, तू आज काय काम केलेस, अंगात ताप आहे का, घरात काय चालले आहे. मग ती त्याचे कोस फक्त त्याच्याच कानात सांगे.

फार लोक जात नसत. लाकूडतोड्या कामाच्या दिवसांत जाई. सावकार अंधार पडल्यावर एकदा येऊन गेला आणि पुढच्या आठवड्यात पंगतीला बसलेला दिसला. कित्येक जण जन्मात कधी त्या झाडाखाली गेले नाहीत. त्यांना कुणी काही म्हटले नाही, आणि तेही आपले जेवले.

राजा पुन्हा पंगतीत पहिल्या पानावर बसू लागला. जेवणाआधी तो रोज लिंबाखाली जाई. मैना त्याच्या कानात काही सांगे, त्याचा चेहरा थोडा उतरे, मग तो येऊन बसे आणि एक पोळी स्वतःच्या हाताने बाजूला काढून ठेवी. वाढपी तिसऱ्यांदा विचारायला आला तरी तो खाली पाहून जेवत राही. त्याच्या पानात काय उरले आणि काय गेले, ते शेजारी बसलेल्या कुणीही पाहिले नाही.

तात्पर्य: जो विचारील त्याला त्याच्या घासाचे खरे माप जरूर सांगावे, पण न विचारणाऱ्याचे माप जगाला ऐकवू नये.